खिडकीतलं ओलं पोतं

१

शनिवारी सकाळी दहा वाजता मी माझ्या पहिल्या घराचं कुलूप उघडलं आणि माझ्या तोंडातून असा शब्द निघाला, की शकुनआत्यानं तो ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

आतल्या खोलीची भिंत फाटली होती. छतापासून पार खालपर्यंत, पायऱ्या पायऱ्यांनी उतरत आलेली भेग. बोटाचं टोक आत जाईल एवढी. आदल्या दिवशी, शुक्रवारी संध्याकाळी सहाला, मी याच भिंतीवरून हात फिरवून, "बाई, उद्या-परवा नीट वाग," असं सांगून कुलूप लावून गेले होते.

हे घर म्हणजे काय ते सांगते. बडनेऱ्यातलं, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि भोवती थोडं अंगण. रेल्वेतून रिटायर झालेल्या जानरावकाकांचं. मी अमरावतीच्या एका क्लासमध्ये अकरा वर्षं गणित शिकवत होते. वरूडच्या संत्राबागेतला माझा हिस्सा विकला, नोकरी सोडली आणि हे घर घेतलं. जुनं घर घ्यायचं, दुरुस्त करायचं, विकायचं, नफ्यातून दुसरं घ्यायचं. घरचे सगळे हसले. "गीतांजली आता घरं विकणार म्हणे!" मीही हट्टाला पेटले. स्वतःला एकच घर दिलं होतं. हे विकलं गेलं तर हाच धंदा. नाही गेलं तर परत क्लासात, परत तोच फळा, आणि ती हसणारी तोंडं जन्मभर.

आणि रविवारी अकरा वाजता अकोल्याहून रश्मीताई इसार द्यायला येणार होत्या. घर त्यांना पसंत होतं. जाताना एवढंच म्हणाल्या होत्या, "बाकी काहीही चालवून घेईन, पण भिंतीला तडा नको. माझ्या आईचं घर काळ्या मातीनं खाल्लंय."

वऱ्हाडात हे कुणाला समजवावं लागत नाही. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि वरचं घर उभं चिरते. असं घर फुकट दिलं तरी लोक दोनदा विचार करतात. मी तिथेच फरशीवर बसले. रडू आलं, ते रागाचं होतं.

"रडू नोको," आत्या म्हणाली. ती भिंतीकडे बघतच नव्हती, खाली बघत होती. "गीता, सकाळी येऊन कोन झाडून गेलं व?"

२

शकुनआत्या तीस वर्षं अमरावतीच्या बाजारात भाजी विकते. गड्डा हातात न घेता आतून किडका फूलकोबी ओळखते. तिला मी आणलं होतं ते घर मिरवायला.

"कोणीच नाही झाडलं," मी म्हटलं. "किल्ल्याच दोन आहेत. एक माझ्याकडे, एक दलालाकडे. दुरुस्ती करणाऱ्या मिस्त्रीनं त्याची मंगळवारीच परत केली, तीच दलालाकडे आहे."

"मंग भिंत फाटली त तिचा कचरा कुठी गेला? भिंतीनं फाटून वरून झाडू बी मारला काय?"

मी फरशीवर हात फिरवला. एक खडासुद्धा नाही. भेग खाली येऊन फरशीच्या काठाशी थांबली होती. फरशीचा एकही सांधा उघडलेला नव्हता.

आत्या मागच्या दारानं बाहेर गेली, मी तिच्या मागे. त्याच भिंतीच्या बाहेरच्या अंगाला जानरावकाकांचा मोगरा ओळीनं लावलेला. काका आता दोन गल्ल्या सोडून लेकीकडे राहतात, पण रोज सकाळ-संध्याकाळ येऊन मोगऱ्याला पाणी घालतात. घर विकताना त्यांची तेवढीच अट होती. मोगऱ्याखालची माती ओली, मऊ. अंगणाच्या दुसऱ्या टोकाला मात्र जमीन अशी भेगाळलेली, की चपलेचं टोक अडकावं. बाहेरचा गिलावा काकांच्या काळचा, पण त्याला केसाएवढीही चीर नव्हती.

"आपल्या वावरातल्या भेगा तू पायल्या ना लहानपनी? ओल्या वाफ्यात कधी भेग पडली काय?" आत्यानं विचारलं. "कोरड्या अंगाले घर शाबूत अन् ओल्या अंगाले फाटलं. अशी कशी व तुयी काळी माती?"

मग आम्ही आत आलो आणि तिला खिडकी दिसली. भेगेपासून हातभर अंतरावर, त्याच भिंतीत. रंगाचा वास जावा म्हणून मी खिडकीची दारं उघडी ठेवली होती, बाहेरून गज आहेत. खिडकीच्या कट्ट्यावर एक पोतं ठेवलं होतं. ओलं. चार घड्या घातलेलं, कडा खाली दाबलेल्या.

"हे काल नव्हतं," मी म्हटलं.

आत्यानं पोतं उचललं. खाली कट्ट्याच्या कोपऱ्यावर सिमेंटचं ताजं ठिगळ, चार बोटांएवढं. अगदी गुळगुळीत. तिनं पोत्याची एकेक घडी उलगडून आत हात घातला, थोडा वेळ तसाच ठेवला.

"मेथीवरचं पोतं मे महिन्याच्या उन्हात दीड-दोन घंट्यात वाळते. ही खिडकी उगवतीची, सकाळपासून ऊन खाऊन राहिली. म्हून हे वरचं पानी साडेआठच्या आधीचं नाई."

म्हणजे मी तिकडे घरी पोहे खात होते, तेव्हा कोणीतरी इथे पोत्यावर पाणी मारत होतं. आणि खिशात या घराची किल्ली असलेला माणूस मला माहीत होता.

३

फोन केला तसा कुंदन दलाल पंधरा मिनिटांत आला. हेल्मेट हातातच. भिंत बघून त्यानं कपाळावर हात मारला.

"अरे बापरे मॅडम! मी म्हटलं होतं ना, या भागात मातीचा भरोसा नाई. आता अकोल्याच्या पार्टीले काय दाखवसान?"

"तूच सांग."

"सांगू? राग नका मानू. माह्याकडे एक पार्टी हाये. जसं हाये तसं घर घेते, तडा-बिडा काई बोलणार नाई. फक्त भाव थोडा..."

भाव त्यानं सांगितला. मी जेवढ्याला घेतलं त्याहूनही खाली. माझं डोकं सणकलं.

"कोण आहे ही पार्टी?"

"नाव नोको सांगू म्हने."

"किल्ली कुठंय?"

त्यानं जुडगा दाखवला. किल्ली होती. सकाळपासून अमरावतीत रजिस्ट्रीच्या कामात होतो म्हणाला, सोबतच्या तिघांची नावं सांगितली. किल्ली कुणाला दिली होती का, विचारलं तर "कोनालेच नाई" म्हणाला आणि मोबाइलकडे बघायला लागला. फोन वाजलेला नव्हता. मी बोलणार एवढ्यात आत्यानं मध्येच विचारलं,

"कुंदनभाऊ, नव्या सिमेंटले किती दिवस पानी मारा लागते हो?"

"आत्या, मले काय माहीत? एक-दोन टाइम मारत असतीन. ते मिस्तरी लोकायचं काम."

"बरोबर हाये तुमचं," आत्या म्हणाली आणि खुशाल बसली. मला तिचा राग आला. चोर समोर उभा आणि ही त्याला सिमेंट विचारते!

"आत्या, यानंच केलंय. दुसऱ्या कुणाकडे किल्लीच नाही!"

"पोत्यावर पानी यानं नाई मारलं," ती म्हणाली. तेवढ्यात बाहेर नळ सुरू झाल्याचा आवाज आला. खिडकीच्या गजांमधून पाण्याची एक धार आत आली आणि बरोबर कट्ट्यावर पडली.

४

बाहेर जानरावकाका होते. हातात पाइप.

"हो, सकाळी बी मीच मारलं पानी," काका म्हणाले. लपवायचा विचारही त्यांच्या मनात नव्हता. "साडेआठ-पावणेनऊ झाले असतीन. मोगऱ्याले पानी देऊन राहिलो होतो. खिडकीत पोतं दिसलं, सुकत आलेलं. पाइप हातातच होता. आता ऊन वाढलं म्हून पुन्हा आलो."

"म्हणजे तुम्ही?" माझा आवाज चढला. "घर विकलं तरी जीव अडकलाय म्हणून?"

काकांचा चेहरा एवढासा झाला. त्यांनी पाइप खाली ठेवला. "पोरी, या भिंतीत खिळा ठोकाचा असला तरी मी आमच्या रुख्मिणीले इचारत होतो. ती गेली तवापासून एक खिळा नाई ठोकला. पायवा मी पाच फूट खोल, मुरमापर्यंत नेला. छत्तीस वर्षांत तडा नाई. झालं काय तठी?"

भेग त्यांना बाहेरून दिसलीच नव्हती. आत आणून दाखवली, तर म्हातारा माणूस भिंतीला हात लावून उभा राहिला. मला माझी लाज वाटली. मी तसं बोललेही, "काका, चुकलं माझं." आत्यानं त्यांना पाणी दिलं आणि मग ती माझ्याकडे वळली.

"पाइपाचं पानी पोत्याच्या वर पडलं. पन मी घडीत हात घातला तवा पार मधातही सारखं ओलं होतं, अन् वरून मारलेलं पानी चार घड्यांत तेवढं झिरपत नाई, म्हून ते आधीचं. कोनी तरी पहाटे पोतं बादलीत बुचकळलं, पिळलं, घडी केली, कडा दाबल्या. न्हाणीत जाऊन बादली पाय."

बादलीच्या तळाशी राखाडी गाळ होता.

"आता मले एकच सांग," आत्या म्हणाली. "एका मानसानं तुह्या घराची भिंत फोडली. फोडता फोडता हातोडी निसटली, खिडकीचा कोपरा उडाला. त्यानं झाडलं, ते समजते मले, कचरा लपवाले. पन कोपरा कावून बुजवला? त्याच्यावर पोतं कावून ठेवलं? भिंत फोडनाऱ्याले खिडकीची एवढी काळजी कावून?"

मी खिडकीशी जाऊन तो कोपरा पुन्हा पाहिला. कुंदन मात्र हेल्मेट घालून निघायच्या तयारीत होता. आत्यानं दार अडवलं नाही, फक्त म्हणाली, "जा भाऊ. पन किल्ली इथीसा ठेवून जा." त्यानं निमूट काढून दिली.

५

"या भिंतीचा गिलावा काढला होता काय तुमी?" आत्यानं विचारलं.

मार्चमध्ये काढला होता. मी सगळ्याचे फोटो काढते, आधीचे आणि नंतरचे. मोबाइलमध्ये उघड्या विटांचा फोटो सापडला. भिंतीत पूर्वी एक कोनाडा होता, तो आम्ही विटांनी बुजवला होता. मी फोटो भेगेशेजारी धरला आणि माझा हात थांबला. भेग विटांच्या सांध्यासांध्यानं उतरत होती. बुजवलेल्या कोनाड्याशी आली तेव्हा त्याच्या कडेनं वळली होती. गिलाव्याखाली, रंगाखाली कोनाडा कुठे आहे हे बाहेरून कुणाच्या बापाला दिसलं नसतं.

"खरी भेगही सांध्यानंच जाते ना?" मी विचारलं.

आत्यानं स्वयंपाकघरातून काकांच्या जुन्या खलबत्त्यातला बत्ता आणला. भेगेवर दोन ठोके दिले. तळहाताएवढा गिलावा खाली पडला. आतल्या विटा धड होत्या, मधला चुनाही धड होता. भेग फक्त वरच्या कातडीला होती.

"हातानं कोरली," आत्या म्हणाली. "अन् त्या हाताले आतल्या विटा पाठ होत्या. उघडी भिंत कोनं कोनं पायली?"

"मी. आणि..." मी थांबले.

"तू फोडली काय?"

"आत्या!"

"मंग राह्यला एकच."

देवमन मिस्त्री. माझा विश्वासच बसेना. अहो, या धंद्यातलं मला जे येतं ते देवमननं शिकवलं! मी आठ घरं पाहिली होती. या घराच्या भिंतींवर त्यानं बोटांनी वाजवून पाहिलं, कान लावला आणि म्हणाला, "ताई, हे घ्या. याची हाडं चांगली हायेत." आणि तराईच्या बाबतीत तर तो वेडा होता. सिमेंटचं काम झालं की सात दिवस त्याला पाणी मिळालंच पाहिजे. एकदा स्टेशनवर पोचलेला माणूस पोतं ओलं करायचं राहिलं म्हणून गाडी सोडून परत आला होता. मी तेव्हा किती हसले होते.

आणि मग मला दुसरं हसणं आठवलं. मार्चमध्ये, याच खोलीत चहा पिताना तो म्हणाला होता, "ताई, पुढच्या घरात मले बी घ्या. मजुरी नोको, हिस्सा द्या." मी हसून म्हटलं होतं, "मिस्त्री, तुम्ही भिंती पाहा, सौदे मी पाहते." त्यानं कप खाली ठेवला आणि कामाला लागला. मी ते विसरूनही गेले होते. माझ्या घरचे मला हसले तेव्हा मला कसं झोंबलं होतं, आणि मी तेच केलं होतं.

"तो तर अकोल्यात आहे. मंगळवारपासून," मी शेवटचं एक म्हणून पाहिलं.

"अकोला काय लंकेत हाये?" आत्या म्हणाली. "चाल, दुपारची गाडी भेटते."

६

अकोल्यात नव्या कॉलनीतल्या एका बांधकामावर देवमन परांचीवर उभा होता. आम्हाला बघून खाली उतरला. थापी एका हातात तशीच धरून दुसरा हात पुसला, आत्याला नमस्कार केला. मी फाडकन बोलणार होते, पण आत्यानं माझं मनगट दाबलं.

"देवमन, एक इचाराचं होतं," ती अगदी भाजीचा भाव विचारावा तशी म्हणाली. "त्या खिडकीतल्या पोत्याले दुपारी पानी मारावं काय?"

"भर दुपारी नोको आत्या, सांजीले..." तो बोलून गेला. थापीवरचा माल टपकन पायावर पडला, तरी त्याला कळलं नाही.

माझा तोल गेला. मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. चार मजूर काम थांबवून ऐकत होते. देवमननं एकदाही मान वर केली नाही. माझं बोलून संपलं तेव्हा तो म्हणाला,

"किल्ली कुंदननं देल्ली, पहाटे त्याले वापस केली. काल संध्याकाळच्या गाडीनं आलो, पहाटेच्या गाडीनं परत. तुमचा सौदा फिसकटला त घर मले स्वस्तात भेटते म्हने. बायकोचं वावर होतं थोडं, ते इकलं. ताई, सव्वीस वर्षं लोकायची घरं बांधून राहिलो. मी टिनाखाली राहतो. हे घर मी पास केलं, मी उभं केलं. मले वाटलं..."

"मागायचं होतं!"

"मांगतलं होतं ना जी."

मला त्यानं खाली ठेवलेला तो कप आठवला. आत्याच म्हणाली, "अन् कोपरा?"

"हातोडी निसटली. तसाच टाकून जावाले पाय निघेना." त्यानं डोळे पुसले, सिमेंटच्याच हातानं.

मला कीव आली आणि कीव आल्याचाही राग आला. "ऐका मिस्त्री," मी म्हटलं. "उद्या अकरा वाजता रश्मीताई येणार आहेत. तुम्ही दहाला तिथे पाहिजे. पोलिसात जायचं की नाही ते मी त्यानंतर ठरवीन. पण माझं घर उद्या विकलं जाणार. भिंत फाटो नाहीतर आभाळ."

७

रविवारी दहा वाजले, देवमन नाही. साडेदहा, नाही. अकराला रश्मीताई आल्या. एकट्याच, हातात पर्स घट्ट धरलेली.

भेग झाकायला रात्रभराचा वेळ होता माझ्याकडे. पुट्टी होती, रंगही उरला होता. मी झाकली नाही. त्यांना सरळ त्या भिंतीसमोर नेलं. त्यांचा चेहरा पडला तो मी पाहिला. मग मी सगळं सांगितलं, फोटो दाखवला, उघडा पडलेला चुना दाखवला, बाहेर नेऊन मोगरा दाखवला. माझ्या भाग्यानं जानरावकाका तिथे होतेच, त्यांनी पायव्याचं सांगितलं.

रश्मीताईंनी शांतपणे सगळं ऐकलं. "तुम्ही खोटं बोलताय असं मी म्हणत नाही," त्या म्हणाल्या. "पण ज्याला घर विकायचं आहे तो असंच सांगणार. काकांनी घर विकलंय, तेही असंच सांगणार. माझ्या आईलाही असंच सांगितलं होतं." त्या दाराकडे वळल्या.

दारात देवमन उभा होता. गाडी उशिरा आली होती. हातात थापी, पिशवीत कपडे.

"हे कोण?" रश्मीताईंनी विचारलं.

मला सोपं होतं, "आमचे मिस्त्री" म्हणून मोकळं होणं. पण कालपासून खोट्याचा मला उबग आला होता. "या घराची एकेक भिंत यांनी दुरुस्त केली," मी म्हटलं, "आणि परवा रात्री ही भेगही यांनीच पाडली."

रश्मीताई त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. मग त्यांनी एकच विचारलं, "खरं सांगा. या घराचा पाया खराब आहे का?"

देवमननं पहिल्यांदा मान वर केली. "बाई, पायवा खराब असता," तो म्हणाला, "त मी माह्या बायकोचं वावर इकून हे घर घ्याले कावून निंगालो असतो?"

आत्याच्या तोंडातून हसू फुटलं, ते तिनं पदरात दाबलं. रश्मीताई परत आत आल्या. त्या भेगेपाशी गेल्या, बोट लावलं, मग खिडकीच्या कट्ट्यावरचं ठिगळ चाचपलं. पोतं सकाळीच मी ओलं केलं होतं.

"कागद काढा," त्या म्हणाल्या. "पण भिंत मला परत हवी, होती तशी."

इसारचिठ्ठीवर सह्या झाल्या. मी माझं नाव नेहमीपेक्षा मोठ्या अक्षरात लिहिलं आणि ते सगळ्यांनी पाहिलं. पाहू देत. रश्मीताई गेल्यावर मी देवमनपुढे उभी राहिले.

"गिलावा आज करायचा. सात दिवस तराई, मजुरी मिळणार नाही. आणि वावर विकून आलेले पैसे बायकोच्या हातात परत द्यायचे, माझ्यासमोर."

"हो जी."

"आठव्या दिवशी अकोल्यातलं एक घर पाहायला जायचंय. भिंती वाजवून पाहा, कान लावा. हाडं चांगली निघाली तर कागदावर दोघांची नावं. हिस्सा ठरवू, नीट बसून." मी कुंदनकडून घेतलेली किल्ली कमरेला खोचली. "पण किल्ल्या दोन्ही माझ्याजवळ राहतील."

त्यानं पिशवी खाली ठेवली, बादली घेतली आणि आधी खिडकीतल्या पोत्याला पाणी मारायला गेला.